भिंगरीचे आकडे

माझ्या नणंदेबरोबर रस्त्यानं चालणं ही शिक्षा आहे. ती चार पावलं पुढे जाते, आपण मागे राहिलो हे लक्षात आलं की दोन पावलं मागे येते, काहीतरी विचारते, आणि आपण उत्तर देईपर्यंत पुन्हा पुढे. ती दीड वर्षाची असताना माझ्या सासऱ्यांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. शाळेच्या दाखल्यावर दुसरं नाव आहे, पण ते दाखल्यावरच राहिलं.

एकदा आम्ही दोघी चष्म्याच्या दुकानाकडे निघालो होतो. एका इमारतीखाली ती खिळल्यासारखी उभी राहिली. मला वाटलं, चक्कर येतेय. मी तिचा दंड धरला. तिनं वर बोट केलं. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून कपडे धुण्याच्या मशीनची धून येत होती. धुणं संपलं की वाजते ती, टुणटुण करत उतरणारी.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "सातवा."

"काय सातवा?"

"सातवा सूर. नऊ टिक जास्त थांबतो."

मला तेव्हा काही म्हणजे काही कळलं नव्हतं. आमच्या घरीही तेच मशीन होतं, आठवड्यातून चारदा वाजायचं. मी म्हटलं, "भिंगरी, डोळ्यांबरोबर कानही तपासून घेऊ." ती हसली नाही. धून संपेपर्यंत तिथेच उभी राहिली आणि मग इतक्या झपाझप निघाली की मला पळावं लागलं.

ती धून तिचीच होती.

आता हे नीट सांगायला हवं. माझे सासरे टायपिंगचे सर. जुन्या बाजारपेठेत जिन्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचा वर्ग होता, चोवीस मशीनं, आणि भिंतीवर लाकडी पट्टी आपटून ते ताल द्यायचे. मुलं तालावर टाइप करायची. चुकीचं अक्षर पडलं तर सर ओरडत नसत, फक्त पट्टी थांबवत. सगळा वर्ग थांबायचा आणि चुकणाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मोठा मुलगा, म्हणजे माझा नवरा, त्या वर्गात पाय हलवत शांत बसायचा. धाकटीला मात्र पाच मिनिटं बसवणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. शाळेत तिला वर्गाबाहेर उभं करायचे तर ती तिथूनही निघून जायची.

ती बारा वर्षांची असताना तिच्या मामानं त्याच्या ऑफिसातला मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर आणून दिला. नुसता कीबोर्ड, टीव्हीला जोडायचा. त्यात काही साठवून ठेवायची सोय नव्हती. बटण बंद केलं की सगळं पुसलं जायचं. मग ही पोरगी प्रोग्रॅम वहीत पेन्सिलीनं उतरवून ठेवायची आणि रोज शाळेतून आली की पहिल्यापासून टाइप करायची. त्या यंत्राला तीन आवाज काढता यायचे आणि चौथी एक फुसफुस. आकडा दिला की सूर, दुसरा आकडा दिला की तो किती टिक, म्हणजे किती वेळ, थांबायचा ते. त्या पेटीतून ती गाणी काढायची. मला तिनं नंतर समजावलं होतं: तीनच आवाज असल्यामुळे एकाच आवाजाला तीन सुरांवरून सारखं पळवायचं, इतक्या वेगानं की कानाला वाटावं तिन्ही एकत्र वाजताहेत. "म्हणजे एकटा बिचारा धावून धावून तिघांचं काम करतो," ती म्हणाली. सासूबाई सांगतात, त्या वर्षी घर पहिल्यांदा शांत झालं. म्हणजे आवाज भरपूर होता, पण मुलगी एका जागी होती.

पुढे ती मशीनच्या कारखान्यात लागली. धुलाई मशीनच्या आत एक हिरवी पट्टी असते, कधी पाणी घ्यायचं, कधी गरगर फिरायचं हे ठरवणारी. ते ठरवणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या चौघांत ती एक. एका सकाळी त्यांच्या साहेबांनी सांगितलं, धुणं संपल्यावर जो कर्कश भोंगा वाजतो त्याच्याबद्दल तक्रारी आहेत, चिपमध्ये थोडी जागा उरली आहे, काहीतरी गोड टाका, जेवायच्या सुट्टीआधी द्या, दुपारी फाइल चिपच्या कारखान्याला जाते. भिंगरीला कोण आनंद! दोन तासांत तिनं एकोणीस सुरांची धून लिहिली. अडतीस आकडे. फाइल गेली.

चार महिन्यांनी चिपा आल्या. पहिलं मशीन लावलं, धून वाजली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि भिंगरीनं आकड्यांचा कागद ओढून घेतला. सातव्या सुरापुढे चौतीस लिहायचे होते. तिनं त्रेचाळीस लिहिले होते. आकड्यांची अदलाबदल. टायपिंगच्या सरांची मुलगी!

साहेब म्हणाले, "कोणाला कळतंय? एका सेकंदाचा पाचवा हिस्सासुद्धा नाही." आणि ते खरंच होतं. ती मशीनं लाखांनी खपली. लोकांना धून आवडली. बाया ती गुणगुणायला लागल्या, बाळांना झोपवताना म्हणायला लागल्या. सातव्या सुरावर जरा रेंगाळून.

सासऱ्यांच्या घरीही ते मशीन आलं. बाबा पेपर वाचत होते. धून झाली तसा त्यांनी पेपर खाली केला.

"सातव्याला अडखळतंय," ते म्हणाले.

भिंगरी दारातच होती. "हो बाबा."

"दुरुस्त कर."

"होत नाही. चिपमध्ये कोरलं गेलंय."

"मग न तपासता पाठवलंस कशाला?"

एवढंच. पुन्हा पेपर वर. पण मी तिचा चेहरा पाहिला. पट्टी थांबली होती.

त्यानंतर अकरा वर्षं तिच्या जिवाला चैन नव्हती. तीन घरं बदलली तिनं. एकदा शेजारणीचं मशीन भिंतीला लागून होतं म्हणून, एकदा समोरच्या गच्चीवर होतं म्हणून, एकदा का ते तिनं सांगितलंच नाही. लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायची, "वहिनी, माझ्याबरोबर राहायचं म्हणजे त्याला आधी धावायचा सराव हवा." मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. मी तिला माझं दुःख सांगितलं: एका वर्षी माझ्या नजरेखालून गेलेल्या कॅलेंडरात जूनला एकतीस तारीख छापली गेली होती, पन्नास हजार भिंतींवर. "मी जगलेच ना?" मी म्हटलं.

"तुझा जून पुढच्या वर्षी संपला, वहिनी. मशीन पंधरा वर्षं चालतं."



त्या काळात तिनं घरी पुन्हा गाणी लिहायला घेतली. आता चांगला लॅपटॉप होता, पण ती त्याला मुद्दाम दरिद्री करून ठेवायची: तीन आवाज, एक फुसफुस, बस. एका रविवारी सकाळी मी तिचं काम बघत बसले होते. पडद्यावर नुसत्या ओळी आणि आकडे. तीन ओळी लिहायची, वाजवायची, उठायची, चार मजले खाली उतरून दूध नाहीतर खिळे असलं काहीतरी आणायची, पुन्हा वर, एक आकडा बदलायची. ऐकायला मात्र असं वाटायचं, जणू एखाद्या जुन्या खेळातला चिमुकला माणूस जिवाच्या आकांतानं पळतोय आणि तरी मजेत आहे. मला एक तुकडा इतका आवडला की मी म्हटलं, "हे पूर्ण ऐकव."

"पूर्ण नाहीये."

"मग ते आधीचं?"

"तेही नाही."

तिच्याकडे साठाच्या वर गाणी होती. एकही संपलेलं नाही. संपवलं की दुरुस्त करता येणार नाही, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. तिच्यासारख्या गाणी लिहिणाऱ्यांची एक मंडळी शहरात जमायची, एका पुस्तकाच्या दुकानामागच्या हॉलमध्ये. त्यांनी तिला दोनदा वाजवायला बोलावलं. दोन्ही वेळा ती दारापर्यंत गेली आणि परत आली. एकदा तर मी सोबत होते. "एक आकडा राहिलाय," असं म्हणून ती जी वळली ती थेट बसस्टॉपवर.

मग बाबांना कंपवात झाला.

आधी हात थरथरू लागले, मग पाय ऐकेनासे झाले. पाय दुखत नव्हते, अशक्तही नव्हते. पण दाराचा उंबरठा आला, किंवा फरशीचा रंग बदलला, की ते थांबायचे. डोकं सांगायचं चल, पाय जमिनीला चिकटलेले. दोन-दोन मिनिटं तसेच. ज्या माणसानं चाळीस वर्षं शेकडो बोटं एका तालात पळवली, तो स्वयंपाकघराच्या दारात खांबासारखा उभा. भिंगरीला ते बघवायचं नाही. ती रोज संध्याकाळी यायची आणि ते थांबले की हिचीच तगमग सुरू व्हायची. "बाबा, डावा उचला. डावा, बाबा." बाबा चिडायचे. "मला डावा कुठला ते माहीत आहे, कार्टे!"

एके दिवशी दुपारी सासूबाईंचा फोन आला. बाबा पडले. मनगट मोडलं.

आम्ही सगळे दवाखान्यात जमलो. प्लास्टर चाललं होतं. सासूबाई मला सांगत होत्या, "खोलीच्या दारात उभे होते गं, नेहमीसारखे अडकलेले. तेवढ्यात आत मशीन वाजलं. आणि काय सांगू, पाय सुटले की! एक, दोन, तीन, अगदी तालात चालत आले. मी बघतच राहिले. आणि मग एकदम धाडकन..."

माझ्या पाठीमागे भिंगरी उभी होती हे मला फार उशिरा कळलं.

"किती पावलं, आई?" तिनं विचारलं.

"अं?"

"पडायच्या आधी किती पावलं चालले?"

सासूबाईंनी डोळे मिटून आठवलं. "पाच-सहा असतील."

भिंगरी आत जाऊन बाबांच्या पलंगाशी उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पायात मोजे होते. घसरलो."

"बाबा, सातव्यावर—"

"मोजे होते म्हणतोय ना."

बाबा घरात मोजे घालत नाहीत. मला माहीत होतं, सासूबाईंना माहीत होतं, तिला तर माहीत होतंच. खरंच त्या सुरानं ते पडले का, देव जाणे. कंपवाताच्या माणसाला पडायला सूर लागत नाही. पण भिंगरीला हे सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली ती सरळ साहेबांच्या खोलीत. नव्या मशीनचा प्रोग्रॅम तयार होत होता आणि धून तीच राहणार होती. "मी सातवा सूर बदलणार आहे," तिनं सांगितलं. साहेब म्हणाले, "लोकांना सवय झालीय." ती म्हणाली, "माझ्या वडिलांना नाही झाली." साहेबांना यातलं काही कळलं नसणार, पण तिचा अवतार बघून ते गप्प बसले. तिनं त्रेचाळीसचे चौतीस केले. अकरा वर्षांची सल, आणि दोन कळा दाबून संपली. नवी मशीनं बाजारात गेली. ती वाट बघत राहिली. कोणी तक्रार करेल, कोणी म्हणेल आता बरं वाटतं. कोणी काही बोललं नाही. मी विचारलं, "मग, सुटलीस ना?" तर म्हणे, "कोणाला कळलंसुद्धा नाही, वहिनी." आणि टेबलावरची माझी पेन्सिल उचलून तिचं टोक मोडलं.

मात्र सासूबाईंचं ते वाक्य तिच्या डोक्यात बसलं होतं: पाय सुटले की. बाबांना व्यायाम शिकवायला एक बाई घरी यायच्या. मनगट प्लास्टरमध्ये होतं तेव्हाच भिंगरीनं त्यांना सगळं सांगितलं. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, "होतं असं. या आजारात आतला ताल बिघडतो, बाहेरून ताल मिळाला तर पाय त्याला धरून चालतात. टकटक करणारं यंत्र मिळतं, ते लावा."

ते यंत्र आणलं. बाबांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "बंद करा. मी आयुष्यभर पट्टी आपटली, आता माझ्यावर आपटताय?"

"मग मशीनच्या गाण्यावर चला," भिंगरी म्हणाली.

"आणि यांना चालवायला मी दिवसभर धुणं धुवू का?" आतून सासूबाई.

त्याच आठवड्यात भिंगरीनं प्लास्टिकची एक साबणदाणी कापली. आत चिप, छोटा स्पीकर, वर वेग कमी-जास्त करायची एक खुंटी, मागे कमरेला अडकवायची क्लिप. आणि बाबांसाठी पहिलं गाणं लिहिलं. काय सुंदर होतं ते! तीन आवाज एकमेकांचा पाठलाग करत होते. साबणदाणी बाबांच्या कमरेला लावली, ते उंबरठ्यापाशी आले, गाणं सुरू झालं आणि बाबा मान तिरकी करून उभेच राहिले.

"बाबा, चला ना."

"ऐकू तर दे. छान आहे."

ते गाणं फुकट गेलं. दुसरं तिनं अगदी साधं केलं, तर बाबा म्हणाले, ही तर पट्टीच. तिसऱ्याला पाय पडले, पण वळणावर अडकले. मग बापलेकीचा वर्ग सुरू झाला. घरातल्या बोळात फरशीवर खडूनं खुणा, भिंगरी हातात लॅपटॉप घेऊन उलटी चालतेय, बाबा तिच्यासमोर, प्लास्टरचा हात गळ्यात. ते अगदी वर्गातल्यासारखे सांगायचे, "डावा पाय जड येतो. त्याला आधी कळायला हवं." तिनं डाव्या पावलाच्या जरा आधी चौथ्या आवाजाची एक फुसफुस टाकली, झाडू मारल्यासारखी. डावा उचलला गेला. "वळताना पावलं लहान पडतात." तिनं वळणासाठी वेगळा तुकडा लिहिला, छोट्या सुरांचा. औषधाचा जोर चार वाजता उतरायचा, तेव्हा मिनिटाला ऐंशी पावलांचा वेग झेपायचा, सकाळी अठ्ठ्याऐंशी. त्यासाठी खुंटी.

पण भिंगरीचा हात स्वस्थ बसेल तर ना! आज जे जमलं ते उद्या ती बदलायची. एखादा सूर इकडे, एखादी फुसफुस तिकडे. एका सकाळी बाबा स्वयंपाकघरात जाताना डगमगले, दाराची चौकट धरली म्हणून वाचले. मी तिथेच होते.

"हात लावलास?" बाबांनी विचारलं.

"थोडंसंच. शेवटचा भाग मला—"

"तुला काय वाटतं ते बाजूला ठेव. पाय तुझे आहेत का माझे?"

"पण तो भाग अजून चांगला होऊ शकतो, बाबा!"

"होईल की. पण मी रोज नव्यानं शिकू? पायांना पाठ होऊ दे. तू बदलतेस आणि मी पडतो." ते खुर्चीत बसले. दम लागला होता. मग हळू आवाजात म्हणाले, "चूक राहिली तर राहिली. ती मला पाठ होईल. पाठ झाली की तिला चूक म्हणत नाहीत."

भिंगरी खिडकीपाशी गेली, तिथून दारापाशी, पुन्हा खिडकीपाशी. मला वाटलं आता ही निघून जाणार. निघून गेलीच. दोन दिवस फोन उचलला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ती माझ्या दारात उभी. हातात नवी साबणदाणी, यावेळी निळी. "यात एकदाच लिहिता येणारी चिप घातलीय," ती म्हणाली. "आता मी ठरवलं तरी बदलता येणार नाही. वहिनी, तूच नेऊन दे. मी आले तर उघडीन." तिचे डोळे सुजले होते. मी डबी घेतली तर तिनं सोडलीच नाही. आम्ही दोघी दारात एकेक बाजू धरून उभ्या. शेवटी माझा नवरा दात घासत आला आणि म्हणाला, "भांडताय का?" तेव्हा सुटली.

तिनं आयुष्यात पुरं केलेलं ते पहिलं गाणं. चार मिनिटं दहा सेकंद, मग पुन्हा पहिल्यापासून.

बाबा त्यावर चौदा महिने चालले. मनगट जुळलं. आधी घरात, मग जिन्यात, मग रस्त्यावर. एकदा कोणाला न सांगता एकटे न्हाव्याकडे जाऊन आले. न्हावी म्हणाला, "सर, तुमच्या पोटातून आवाज येतोय." गल्लीतली कुत्रीसुद्धा ती धून ऐकली की आधीच बाजूला व्हायची. भिंगरी कधी मागून चालत जायची, पण तिला तेवढं हळू चालता यायचं नाही. ती कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येऊन त्यांना गाठायची, त्या हिशेबानं ते एक फर्लांग चालले की ती तीन चालायची. गाण्यातला कुठलातरी भाग तिला अजूनही खुपायचा. त्या भागाच्या वेळी ती कानांवर हात न ठेवता नुसती मुठी आवळायची. मी बघितलंय.

व्यायामवाल्या बाईंनी त्यांच्या बाकीच्या रुग्णांबद्दल सांगितलं. एक निवृत्त पोस्टमन, एक शिंपीण, एक तर अजून पन्नाशीचीही नव्हती. भिंगरी प्रत्येकाच्या घरी गेली. पावलं मोजली, जिने मोजले, कोणत्या दारात कोण अडतं ते लिहून घेतलं. पोस्टमनला वाटेत थांबायची सवय, प्रत्येक दारापाशी, म्हणून त्याच्या गाण्यात तिनं थांबे घातले. शिंपिणीला पायमशीनची चाल हवी होती. कारखान्यात तिनं आठवड्याचे तीनच दिवस मागून घेतले. डब्या दिल्यावर मात्र व्यायामवाल्या बाईंना फोन सुरू: अमक्याचा वेग जरा जास्त झालाय का, तमक्याची फुसफुस उशिरा येते का. एकदा बाईंनी मला फोन करून सांगितलं, "तुमच्या नणंदेला आवरा हो, आज सकाळपासून नववा फोन आहे."

पंधराव्या महिन्यात बाबांचे पाय गाणं ऐकेनासे झाले. डबी वाजत राहायची, ते उभेच. भिंगरीनं नवी लिहिली. मग आणखी एक, हळू. मग फक्त फुसफुशीची. व्यायामवाल्या बाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "गाण्यात काही चुकलेलं नाही. आजार पुढे गेलाय."

"वेग सत्तर करून बघते."

"ताई, वेगाचा प्रश्न नाही."

"मग पासष्ट."

बाईंनी तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि त्याच दुपारी पासष्टची डबी केली. ती चालली नाही. बाबांनी ती स्वतः कमरेवरून काढून तिच्या हातात दिली. "झालं, बाळ," ते म्हणाले. त्यांनी तिला बाळ म्हटलेलं मी तेव्हाच ऐकलं.

चाकांची खुर्ची आली. ती दारातून आत आली त्या दिवशी भिंगरी गॅलरीत जाऊन उभी राहिली आणि नंतर चार दिवस फिरकली नाही. माझा नवरा म्हणाला, तिला वेळ दे. सासूबाई म्हणाल्या, ही अशीच, लहानपणापासून. बाबा खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघायचे.

पाचव्या दिवशी ती सकाळी दहाला आली. चपला न काढता आत शिरली, खुर्चीचे ब्रेक वाकून तपासले, चाकांना तेल घातलं, बाबांच्या गुडघ्यांवर शाल टाकली आणि खुर्ची दाराकडे वळवली.

"डबी घेतेस का?" मी विचारलं.

"खुर्चीला कशाला डबी?"

"कुठे नेतेयस त्यांना?" सासूबाई हातातली पळी घेऊन बाहेर आल्या. "अगं, त्यांचा नाश्ता व्हायचाय!"

लिफ्टचं दार लागलं. मी गॅलरीत गेले. सासऱ्यांच्या इमारतीपुढचा रस्ता बागेपर्यंत लांबच लांब उताराचा आहे. खाली ती दोघं फाटकातून बाहेर पडली आणि भिंगरी चालायला लागली, मग झपाझप, मग चक्क पळायला. खुर्ची पुढे, ती मागे, शाल उडून एका चाकाला लागता लागता राहिली. बाबांनी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते.

"हळू! हळू, कार्टे!" त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत स्पष्ट आला.

रस्त्यावरचा एक माणूस सायकलवरून उतरून बाजूला झाला. सासूबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, पळीतून वरण टपटप खाली गळत होतं. "कुणी सांगा गं हिला," त्या म्हणाल्या, "म्हाताऱ्याला पाडेल."

मी ओरडणार होते. पण तेवढ्यात बाबांनी उजवा हात सुटा केला आणि पुढे दाखवला, बागेकडे नाही, डावीकडच्या रस्त्याकडे, जिथे त्यांचा जुना वर्ग होता. भिंगरीनं वेग जराही कमी केला नाही. तिनं खुर्ची डावीकडे वळवली, एक चाक क्षणभर उचललं गेलं, आणि दोघं कोपऱ्याआड दिसेनाशी झाली.